ट्यूब गिटार ॲम्प्लिफायर बनवायला आणि दुरुस्त करायला कोणती साधनं लागतात? सुरुवात कुठून करावी?



गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी ट्यूब ॲम्प्लिफायरचं वेड लागतं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये 'व्हिंटेज ट्यूब' नावाचा आवाज ऐकला की पुढचे प्रश्न सुरू होतात. खरा ट्यूब ॲम्प आतून कसा असतो? घरी बनवता येतो का? जुना मिळाला तर दुरुस्त करता येईल का? मला हे प्रश्न नेहमी विचारले जातात आणि त्यांच्या पाठोपाठ यादी मागितली जाते: टेबलावर काय काय हवं?

यादी देणं सोपं आहे. पण नुसती यादी दिली तर बहुतेक जण आधी झकास सोल्डरिंग स्टेशन घेतात, मग ऑसिलोस्कोपचे भाव बघत बसतात. आणि घरी बनवता येणाऱ्या ज्या दोन साध्या वस्तू जीव वाचवतात, त्या राहूनच जातात. म्हणून या लेखात मी साधनं किमतीच्या नाही, तर कामाच्या क्रमाने दिली आहेत. प्रत्येक साधन एका प्रश्नाचं उत्तर देतं. तो प्रश्न कळला की साधन का घ्यायचं, कोणतं घ्यायचं आणि कधी घ्यायचं हे आपोआप कळतं.

ट्यूब ॲम्पमध्ये असतं तरी काय?

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते ओढून घेते आणि मधली ग्रिड नळाच्या चावीसारखी तो प्रवाह कमी-जास्त करते. गिटारचा इवलासा सिग्नल ग्रिडला द्यायचा, प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. पण प्लेटला इलेक्ट्रॉन ओढता यावेत म्हणून तिला काहीशे व्होल्ट डीसी द्यावे लागतात. सगळी गोम इथेच आहे.

एक खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे त्यांच्याच कंपनीने १९५० च्या दशकात 'चॅम्प' नावाचा छोटा ॲम्प आणला. त्याचं '५एफ१' हे सर्किट आजही घरी ॲम्प बनवणाऱ्यांचं सर्वात आवडतं पहिलं सर्किट आहे. त्यात फक्त ३ ट्यूब आहेत: आवाज वाढवायला १२एएक्स७, स्पीकर चालवायला ६व्ही६ आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. स्पीकर ८ इंची, ताकद साधारण ५ वॉट.

५ वॉट ऐकून हसू नका. याच छोट्या पेटीत ३०० व्होल्टच्या वर डीसी फिरत असतं. ते गुळगुळीत करायला १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे ३ फिल्टर कपॅसिटर असतात, प्रत्येक ४५० व्होल्टचा. ही पाण्याच्या टाकीसारखी विजेची टाकी समजा. प्लग काढला म्हणजे नळ बंद झाला, टाकी रिकामी झाली असं नाही. ॲम्पच्या रचनेनुसार ती काही सेकंदांत रिकामी होते, नाहीतर बराच वेळ भरलेलीच राहते. बघून काही कळत नाही.

मोबाईल उघडताना आपल्यासमोर साधारण ४ व्होल्टची बॅटरी असते. चूक झाली तर बहुतेक वेळा मोबाईल जातो. इथे चूक झाली तर माणूस जाऊ शकतो. फरक एवढा मोठा आहे.

घरात आरसीसीबी आहे, मग भीती कशाची?

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून उत्तर आधीच देतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक पडला की ट्रिप होतो. पण ॲम्पमधलं हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वाइंडिंगवर तयार होतं. तुमचा एक हात त्या हाय व्होल्टेजला आणि दुसरा चॅसिसला लागला, तर करंट त्या दुसऱ्या बाजूच्याच सर्किटमध्ये गोल फिरतो. भिंतीतल्या आरसीसीबीला फेज आणि न्यूट्रलमध्ये काहीच फरक दिसत नाही. तो शांत बसतो. कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेबद्दल तर त्याला काहीच माहीत नसतं, कारण तेव्हा प्लगसुद्धा काढलेला असतो.

म्हणजे आरसीसीबी हवाच, पण या कामात खरा राखणदार तुमच्या टेबलावरच असायला हवा.

१. वीज आहे का? – मल्टिमीटर

पहिलं साधन मल्टिमीटर. घेताना या गोष्टी बघा:

• डीसी व्होल्टेज किमान ६०० व्होल्टपर्यंत मोजता आलं पाहिजे. १००० व्होल्ट असेल तर उत्तम.
• मीटरवर 'कॅट ३' आणि पुढे ६०० व्होल्ट असं छापलेलं हवं. हे सुरक्षिततेचं रेटिंग आहे. प्रोबच्या वायरवरही रेटिंग वाचा. मीटर चांगला आणि प्रोब फुसके, असं चालत नाही.
• रेझिस्टन्स, एसी आणि डीसी व्होल्टेज, मिलिव्होल्ट आणि बीप वाजवणारी कंटिन्युइटी एवढं पुरे. कपॅसिटन्स असेल तर बोनस.

यासोबत एक मगरक्लिप नक्की घ्या, जी काळ्या प्रोबला बसते. ती ॲम्प बंद असताना चॅसिसला लावून ठेवायची. मग चालू ॲम्पमध्ये मोजताना लाल प्रोब एकाच हाताने धरता येतो आणि दुसरा हात खिशात राहतो. दोन्ही हात आत घातले तर विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायचा रस्ता मिळतो आणि तो छातीतून जातो. जुने रेडिओ मेकॅनिक एक हात मागे ठेवून काम करायचे ते याच कारणाने.

आणखी एक सवय लावून घ्या. मीटरने शून्य दाखवलं म्हणजे वीज नाही असं लगेच मानू नका. प्रोबची वायर आतून तुटली असेल तरी शून्यच दिसतं. आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर तपासा, मग ॲम्पवर मोजा, मग परत बॅटरीवर तपासा. तिन्ही बरोबर आलं तरच त्या शून्यावर विश्वास ठेवा.

२. असलेली वीज कशी काढायची? – डिस्चार्ज प्रोब

हे घरी बनवायचं साधन. १० किलोओहम, १० वॉटचा एक वायरवाउंड रेझिस्टर घ्या. एका टोकाला चांगली इन्सुलेशन असलेली वायर आणि मगरक्लिप, दुसऱ्या टोकाला जुन्या मीटरचा लाल प्रोब. रेझिस्टर आणि उघडे सांधे हीट श्रिंक स्लीव्हच्या दोन थरांत झाका. झालं.

क्लिप चॅसिसला लावायची आणि प्रोब फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकाला धरायचा. किती वेळ? हिशोब सोपा आहे. चॅम्पचे तिन्ही कपॅसिटर मिळून ३२ मायक्रोफॅरड. त्याला १० किलोओहमने गुणलं की ०.३२ सेकंद. याच्या पाचपट वेळात, म्हणजे साधारण दीड सेकंदात, व्होल्टेज १ टक्क्याच्या खाली येतं. आपण १० सेकंद धरू. ३५० व्होल्टला सुरुवातीचा करंट फक्त ३५ मिलिअँपिअर असतो, त्यामुळे ठिणगी नाही, धमाका नाही.

काही जण स्क्रू ड्रायव्हरने कपॅसिटर सरळ शॉर्ट करतात. टणकन आवाज येतो आणि शूर वाटतं. पण एका क्षणात प्रचंड करंट वाहतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळतं, कपॅसिटरला इजा होते आणि दचकून हात भलत्याच ठिकाणी जातो. ही पद्धत नको.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चॅम्पमध्ये तिन्ही कपॅसिटर १० किलोओहम आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टरने जोडलेले असतात. त्यातला एखादा रेझिस्टर जळून तुटला असेल, तर एक टाकी रिकामी केली तरी पुढची भरलेलीच राहते. म्हणून प्रत्येक कपॅसिटर वेगळा मोजा. दुसरं म्हणजे, रिकामा केलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थोड्या वेळाने स्वतःहून थोडं व्होल्टेज परत दाखवू शकतो. काम चालू असेपर्यंत डिस्चार्ज प्रोब क्लिपने तिथेच जोडून ठेवा. फक्त ॲम्प परत चालू करण्याआधी तो काढायचा.

३. चालू केल्यावर काही जळणार तर नाही ना? – सिरीज बल्ब

आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनला 'सिरीज बोर्ड' सांगितलं की लगेच कळतं. एका लाकडी बोर्डवर बल्बचं होल्डर आणि ३ पिन सॉकेट. फेजची वायर आधी बल्बमधून जाते, मग सॉकेटला. न्यूट्रल आणि अर्थ मात्र सरळ सॉकेटला जोडलेले.

बल्ब जुन्या पद्धतीचा, फिलामेंटचाच हवा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. कारण सगळी जादू फिलामेंटची आहे: थंड असताना त्याचा रेझिस्टन्स खूप कमी असतो, तापला की कितीतरी पट वाढतो. ॲम्प ठीक असेल तर करंट कमी, बल्ब मंद आणि बहुतेक व्होल्टेज ॲम्पला मिळतं. ॲम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो. ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टला पाव अँपिअरपेक्षा जरासाच जास्त करंट जाऊ देतो. म्हणजे शॉर्ट असला तरी ट्रान्सफॉर्मर वाचतो.

वापरायची पद्धत अशी: चॅम्पसारख्या लहान ॲम्पला ६० वॉटचा बल्ब, मोठ्या ॲम्पला १०० वॉट किंवा जास्त. पहिल्यांदा सगळ्या ट्यूब काढून चालू करा. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला पाहिजे. तेव्हाच तो लख्ख पेटला, तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. मग ट्यूब लावून चालू करा. बल्ब आधी जोरात पेटून मग मंद झाला तर चांगलं लक्षण. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा आणि शोध सुरू करा.

बल्ब लावलेला असताना आतली सगळी व्होल्टेज कमी दिसतात. सर्किटच्या नकाशावर छापलेल्या आकड्यांशी तुलना करायची ती बल्ब काढून, ॲम्प सरळ मेनवर चालवल्यावरच.

४. योग्य व्होल्टेज मिळतंय का? – स्टेप डाऊन, डिमरस्टॅट, आयसोलेशन

ही तीन वेगवेगळी यंत्रं आहेत. बाहेरून सारखीच जड पेटी दिसते म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात.

स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर: अमेरिकेतून आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. मोबाईलचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट काहीही चालवून घेतो, त्यामुळे आपल्याला वाटतं प्लग बसला की झालं. जुना ट्यूब ॲम्प तसं काही चालवून घेत नाही. २३० व्होल्टला लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. स्टेप डाऊन घेताना ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या आणि त्याला ३ पिनची खरी अर्थ जोडणी आहे का ते मल्टिमीटरने तपासा.

व्हेरिॲक: आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये याला 'डिमरस्टॅट' म्हणतात. गोल चकती फिरवून व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येतं. वर्षानुवर्षं बंद पडलेला ॲम्प सावकाश जागा करायला उपयोगी. पण हे नसेल तरी सिरीज बल्बवर सुरुवात होते, त्यामुळे पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. आणि डिमरस्टॅट तुम्हाला मेनपासून वेगळं करत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: मेनपासून वेगळं करण्याचं काम हा करतो. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत काही स्वस्त ॲम्प मेन ट्रान्सफॉर्मरशिवायच बनायचे. ट्यूबचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे सिरीजमध्ये, आणि आतलं सर्किट थेट भिंतीतल्या विजेला जोडलेलं. तिकडे त्यांना 'विडो मेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारा ॲम्प असं नाव पडलं. असा ॲम्प हातात आला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका. शिकणाऱ्याने तर पहिला ॲम्प म्हणून तो घेऊच नये.

जुन्या ॲम्पला २ पिनची वायर असेल तर पहिलं काम ३ पिनची वायर बसवून अर्थ चॅसिसला घट्ट जोडणं. मेनच्या वायरपासून चॅसिसला जोडलेला एक छोटा कपॅसिटर दिसला तर तो काढून टाकायचा. तो शॉर्ट झाला की चॅसिसमध्ये आणि तिथून गिटारच्या तारांमध्ये मेनची वीज येते.

५. सांधा पक्का आहे का? – सोल्डरिंग

आता आलं सगळ्यांचं आवडतं साधन. मोबाईल दुरुस्तीचं बारीक टोकाचं आयर्न इथे कमी पडतं. इथे जाड टॅग, जाड वायर आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं चॅसिस असतं. ६० वॉटचं, तापमान ठरवता येणारं स्टेशन आणि छिन्नीसारखं चपटं टोक घ्या. ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं की बहुतेक काम होतं. लोखंडी चॅसिसवर अर्थची वायर सोल्डर करायची असेल तर ८० ते १०० वॉटचं जाड आयर्न लागतं, किंवा स्क्रू, दातेरी वॉशर आणि टॅग वापरा.

सोल्डर वायर ६३/३७ किंवा ६०/४० ची, आत राळेचं फ्लक्स असलेली. ६३/३७ मिश्रण १८३ अंशाला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, त्यामुळे सांधा हलून 'कोरडा' होण्याची शक्यता कमी. पत्र्याच्या कामाचं ॲसिडवालं फ्लक्स कधीच नको, ते तांब्याला खात राहतं. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि खिडकी उघडी ठेवा.

काढण्यासाठी एक डीसोल्डर पंप आणि तांब्याची विणलेली पट्टी. दुरुस्तीत अर्धा वेळ जुनं सोल्डर काढण्यातच जातो.

६. हात कशाने घालायचा? – हत्यारं

• लांब तोंडाची पक्कड, साईड कटर, वायर स्ट्रिपर. मुठी इन्सुलेशनच्या हव्यात.
• लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर आणि पोटेन्शिओमीटर, जॅक यांचे नट आवळायला पाने.
• वाळलेली बांबूची काडी. चायनीजबरोबर मिळणारी चॉपस्टिकही चालते. चालू ॲम्पमध्ये वायर किंवा सांधा या काडीनेच हलवून बघायचा. हलवल्यावर आवाज खरखरला, तर दोष सापडला.
• ॲम्प उलटा ठेवायला लाकडाचे दोन ठोकळे. वजन ट्यूबवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर येता कामा नये.
• कपाळावरचा दिवा, चष्मा आणि खाली कोरडी रबरी मॅट.

नवीन ॲम्प बनवायचा असेल तर चॅसिसला भोकं पाडावी लागतात. त्यासाठी स्टेप ड्रिल पुरतं. सॉकेट आधी विकत घ्या, कॅलिपरने मोजा, मगच भोक पाडा. ६व्ही६ सारख्या ८ पिनी ट्यूबच्या सॉकेटला साधारण २८ ते ३० मिलिमीटर, आणि १२एएक्स७ सारख्या ९ पिनी सॉकेटला प्रकारानुसार १९ ते २२ मिलिमीटर लागतात.

७. आवाज कुठे सोडायचा? – डमी लोड

ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय चालवू नये. लोड नसताना सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर खूप मोठं व्होल्टेज तयार होऊन आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. पण तासभर चाचणी करताना स्पीकर लावून ठेवला तर शेजारी घरी येतील. म्हणून स्पीकरच्या जागी मोठा रेझिस्टर लावायचा. ॲम्पवर ४, ८ किंवा १६ ओहम जे लिहिलं असेल तेवढ्याच ओहमचा, आणि ॲम्पच्या ताकदीच्या किमान दुप्पट वॉटचा. तो भरपूर तापतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवा.

यावरून ताकदही मोजता येते. लोडवरच्या एसी व्होल्टेजचा वर्ग करा आणि ओहमने भागा. ८ ओहमवर ६.३ व्होल्ट मिळाले तर ६.३ गुणिले ६.३ भागिले ८, म्हणजे जवळपास ५ वॉट.

८. सिग्नल कुठून आणायचा आणि गुणगुण कसली आहे? – तुमचा मोबाईल

हे साधन सगळ्यांकडे आधीच आहे आणि त्याचे तीन खरे उपयोग आहेत.

पहिला, कॅमेरा. कोणतीही वायर काढण्याआधी चारही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा. कोणती वायर कुठे होती याची ही सर्वात भरवशाची वही.

दुसरा, टोन जनरेटर ॲप. ४०० हर्ट्झची साइन वेव्ह लावा. ४०० का? कारण बरेच साधे मीटर जास्त फ्रिक्वेन्सीला एसी व्होल्टेज चुकीचं दाखवतात. हेडफोन जॅकमधून किंवा टाइप-सीच्या कनेक्टरमधून एकच चॅनेल घेऊन गिटारच्या प्लगपर्यंत केबल बनवा. आवाज कमी ठेवून मीटरवर १०० मिलिव्होल्टच्या आसपास आणा, साधारण गिटारच्या पिकअपइतकं. मोबाईल जोडण्याआधी इनपुट जॅकवर मीटर लावून एसी आणि डीसी दोन्ही शून्याजवळ आहेत ना ते बघा, आणि जोडलेला असताना चार्जर लावू नका.

तिसरा उपयोग मला सर्वात आवडतो: स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप. यासाठी स्पीकर लावा आणि मोबाईल त्याच्यासमोर धरून बघा की गुणगुण कोणत्या फ्रिक्वेन्सीची आहे. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झची आहे. सर्वात मोठी रेघ ५० वर असेल तर हीटरच्या वायरिंगमधून किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून एसी शिरत असण्याची शक्यता. रेघ १०० वर असेल तर संशय फिल्टर कपॅसिटरवर, कारण फुल वेव्ह रेक्टिफायरमधून निघणारं रिपल दुप्पट फ्रिक्वेन्सीचं असतं. अमेरिकी लेखांत हेच आकडे ६० आणि १२० असतात, ते तसेच वापरू नका. मोबाईलचा माइक ५० हर्ट्झला थोडा बहिरा असतो, त्यामुळे ती रेघ लहान दिसली तरी दुर्लक्ष करू नका.

आणि एक कडक नियम: मोबाईल ॲम्पच्या इनपुट जॅकच्या पुढे कधीही जोडायचा नाही. हेडफोन जॅकला वायर जोडून ऑसिलोस्कोप बनवणारी ॲप असतात, ती इथे मुळीच नकोत. प्लेटवरचे ३०० व्होल्ट मोबाईलला आणि तो धरणाऱ्या हाताला, दोघांनाही झेपणार नाहीत.

९. ट्यूब आरामात आहे का? – ओहमचा नियम आणि बायस प्रोब

ट्यूबमधून करंट जास्त गेला तर प्लेट लाल होते, कमी गेला तर आवाज कोरडा येतो. चॅम्पमध्ये हे तपासायला वेगळं साधन लागतच नाही. ६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर असतो. समजा त्यावर १८ व्होल्ट मिळाले, तर १८ भागिले ४७० म्हणजे ३८ मिलिअँपिअर. प्लेट आणि कॅथोडमध्ये २९० व्होल्ट असतील तर २९० गुणिले ०.०३८, म्हणजे साधारण ११ वॉट. जुन्या डेटाशीटमध्ये ६व्ही६ची मर्यादा १२ वॉट दिलेली असते. म्हणजे ट्यूब ठीक आहे.

मोठ्या ॲम्पमध्ये बऱ्याचदा कॅथोड सरळ जमिनीला जोडलेला असतो. तिथे बायस प्रोब उपयोगी पडतो: ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसणारं एक अडॅप्टर, ज्यात १ ओहमचा रेझिस्टर असतो. जेवढे मिलिव्होल्ट, तेवढे मिलिअँपिअर.

ट्यूब पुन्हा पुन्हा लाल होत असेल तर आणखी एक चाचणी. ६व्ही६ काढा, ॲम्प चालू करा आणि सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे ग्रिडवर, डीसी मोजा. शून्याजवळ हवं. पॉझिटिव्ह काही व्होल्ट दिसले तर आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा कपॅसिटर गळतोय. कपॅसिटर मोजणारा साधा मीटर हा दोष बहुतेक वेळा पकडत नाही, कारण तो काही व्होल्टवरच मोजतो आणि गळती ३०० व्होल्टला होते.

१०. ऑसिलोस्कोप आणि ट्यूब टेस्टर घ्यावा का?

ऑसिलोस्कोप नंतर. आवाज नेमका कुठे फाटतो हे डोळ्यांनी दिसतं, हे खरं. ऑडिओसाठी २ चॅनेल आणि २० मेगाहर्ट्झ भरपूर झाले. घेताना स्क्रीनपेक्षा प्रोबचं व्होल्टेज रेटिंग बघा. प्रोब १० पट विभागणाराच वापरा आणि पॉवर ट्यूबच्या प्लेटवर जायचं असेल तर १०० पट विभागणारा. खिशात मावणारे स्वस्त स्कोप थोड्याच व्होल्टपर्यंत टिकतात. शिवाय टेबलावरच्या स्कोपची काळी क्लिप अर्थला जोडलेली असते, म्हणून ती चॅसिसशिवाय कुठेही लावायची नाही.

ट्यूब टेस्टर नकोच. त्याऐवजी प्रत्येक प्रकारची एक-एक चांगली ट्यूब जवळ ठेवा आणि बदलून बघा. हीच सर्वात खरी चाचणी. १२एएक्स७ चं युरोपी नाव ईसीसी८३ आहे, दुकानात दोन्ही नावांनी विचारा.

मग खरेदी कोणत्या क्रमाने करायची?

१. मल्टिमीटर, मगरक्लिप, डिस्चार्ज प्रोबचं सामान, सिरीज बोर्ड.
२. सोल्डरिंग स्टेशन, पंप, हत्यारं, बांबूची काडी.
३. डमी लोड आणि मोबाईलची केबल. अमेरिकी ॲम्प असेल तर स्टेप डाऊन इथेच, ॲम्प चालू करण्याआधी.
४. बायस प्रोब, डिमरस्टॅट.
५. ऑसिलोस्कोप.

पहिल्या तीन पायऱ्यांवर बहुतेक दुरुस्त्या होतात. यातलं जवळजवळ सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र बऱ्याचदा ऑनलाइन मागवावे लागतात.

कामाला बसण्याआधी हे पाठ करा

अंगठी, कडं, घड्याळ काढा. पायात चप्पल हवी, हात कोरडे हवेत. घरात कुणीतरी जागं असू दे आणि मेन स्विच कुठे आहे हे त्यांना दाखवून ठेवा. झोप येत असेल किंवा डोकं तापलं असेल तर त्या दिवशी ॲम्प उघडू नका. आणि प्रत्येक वेळी, पाच मिनिटांपूर्वीच तपासलं असलं तरी: प्लग काढा, मोजा, डिस्चार्ज करा, पुन्हा मोजा. मगच हात आत.

पहिला आठवडा फक्त एवढंच करा. मल्टिमीटर घ्या, डिस्चार्ज प्रोब आणि सिरीज बोर्ड बनवा. सिरीज बोर्डचं मेनचं वायरिंग जमत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्यावर घरातला एखादा साधा टेबल फॅन किंवा दिवा लावून बल्ब कसा वागतो ते बघा. ॲम्प अजून आला नसेल तरी हरकत नाही. तो येईल तेव्हा त्याला हात लावायची तुमची तयारी झालेली असेल.